गटाने केलेले काम आणि प्रत्येकाचे गुण

अभियांत्रिकी, व्यवस्थापन, जनसंवाद अशा अनेक पदवी अभ्यासक्रमांत गटप्रकल्प हा आता अटळ भाग झाला आहे. तीन-चार विद्यार्थ्यांनी मिळून सत्रभर किंवा वर्षभर काम करावे, एक अहवाल सादर करावा आणि मार्गदर्शक व बाह्य परीक्षक यांच्यासमोर तोंडी परीक्षा द्यावी, अशी ही सर्वपरिचित पद्धत आहे. अहवाल एकच असल्याने त्याचे गुणही पुष्कळदा सर्वांच्या नावापुढे सारखेच लिहिले जातात. रात्री जागून काम कोणी केले आणि सबमिशनच्या दिवशी केवळ सही करण्यापुरते कोण उगवले, हे गुणपत्रिका सांगत नाही.

हा प्रश्न केवळ रुसव्याफुगव्यांचा नाही. कॅम्पस निवडीसाठी कंपन्या किमान गुणांची अट घालतात आणि उच्च शिक्षणाच्या प्रवेशातही पदवीचे गुण पाहिले जातात. अभियांत्रिकी शिक्षणाच्या परस्पर मान्यतेसंबंधीच्या ‘वॉशिंग्टन करारा’चा भारत जून २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला. त्या चौकटीत संघात काम करण्याची क्षमता हा पदवीधराकडून अपेक्षित असलेल्या गुणांपैकी एक आहे. म्हणजे महाविद्यालयाने ही क्षमता शिकवायची आहे आणि ती मोजायचीही आहे. मोजमापाचा मार्ग मात्र बहुतेक ठिकाणी मार्गदर्शकाच्या अंदाजावर सोडलेला असतो.

दोरी ओढणारे हात

गटात माणूस अंग का चोरतो, याचा अभ्यास शंभरहून अधिक वर्षे जुना आहे. मॅक्सिमिलियां रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोरी ओढणाऱ्या माणसांचे बळ मोजले आणि त्याचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. एकट्याने ओढताना लागणारे बळ १०० धरले, तर आठ जणांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याचे बळ सुमारे ४९ इतकेच भरले. सर्वांचे हिसके एकाच क्षणी बसत नाहीत, हे त्याचे एक कारण होते. परंतु ते एकमेव कारण नव्हते. बिब लताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९७९ साली टाळ्या वाजवण्याचे आणि ओरडण्याचे प्रयोग केले. आपल्याबरोबर इतरही ओरडत आहेत, अशी नुसती समजूत करून दिली तरी माणसाचा आवाज खाली येत असे.

याच संशोधकांचा १९८१ सालचा पुढील प्रयोग शिक्षकांच्या अधिक उपयोगाचा आहे. प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणे मोजला जात असल्याची कल्पना दिल्यावर ही अंगचोरी जवळजवळ नाहीशी झाली. आळस हा विद्यार्थ्याच्या स्वभावाचा दोष मानून त्याला बोल लावण्यापूर्वी, त्याचे काम वेगळे ओळखू येईल अशी सोय आपण केली आहे काय, हे शिक्षकाने स्वतःला विचारावयास हवे.

डेन्मार्कमधील बंदी

याचा एक सरळ अर्थ असा निघतो की परीक्षा गटाची न घेता एकेकाची घ्यावी. डेन्मार्कने हा उपाय देशभर करून पाहिला आणि त्याचा अनुभव आपल्याकडील विद्यापीठांनीही पाहण्याजोगा आहे.

उत्तर डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठ १९७४ साली स्थापन झाले, तेच मुळी प्रकल्पाधारित शिक्षणाचा पाया घालून. तेथे प्रत्येक सत्राचा सुमारे निम्मा अभ्यास गटप्रकल्पाचा असतो. गट एखादी प्रत्यक्षातली समस्या निवडतो, अहवाल लिहितो आणि अखेरीस परीक्षकांसमोर एकत्र बसतो. परीक्षा एकत्र असली तरी श्रेणी प्रत्येकाला स्वतंत्र दिली जाते. परीक्षक एकाला प्रश्न विचारतात, दुसऱ्याला त्या उत्तरात भर घालण्यास सांगतात, तर तिसऱ्याला त्यातील उणीव दाखवण्यास. अहवाल कोणाच्या डोक्यात किती उतरला आहे, हे अशा काही तासांत बऱ्यापैकी उघडे पडते.

पंतप्रधान अँडर्स फॉग रासमुसेन यांच्या सरकारने २००६ साली अशा गटपरीक्षांना मनाई करण्याचा निर्णय घेतला. दुबळे विद्यार्थी हुशारांच्या पाठीवर बसून पार होतात, हा त्यामागील आक्षेप होता. २००७ ते २०१२ या काळात विद्यार्थी गटात काम करीत, पण परीक्षेला एकेकटे जात. अडचण अशी की ज्या कौशल्यासाठी हा सारा खटाटोप, ते कौशल्य परीक्षेत दाखवण्याची जागाच राहिली नाही. सहकाऱ्याचा मुद्दा उचलून पुढे नेणे किंवा त्याची चूक सौम्यपणे दुरुस्त करणे, हे एकट्याने कसे दाखवणार? २०११ साली सत्तांतर झाले, त्यानंतर बंदी उठली आणि २०१३ पासून आल्बोर्गमध्ये गटपरीक्षा पुन्हा सुरू झाल्या.

सरकारचा आक्षेप खोटा नव्हता, उपाय मात्र चुकला, असे या घडामोडींवरून म्हणता येईल. श्रेणी स्वतंत्र देण्यासाठी माणसे वेगळी करण्याची आवश्यकता नसते.

सहकाऱ्यांनी दिलेले गुण

गटाच्या गुणांतून प्रत्येकाचे गुण काढण्याची आणखी एक रीत म्हणजे सहकाऱ्यांकडून होणारे मूल्यमापन. ब्रिटनमधील लफबरो विद्यापीठात विकसित झालेली ‘वेबपीए’ आणि अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाची ‘केटमी’ या संगणकीय प्रणाली याच कामासाठी आहेत. त्यामागील हिशेब मात्र कागदावरही करता येतो.

समजा, चौघांच्या अहवालाला १०० पैकी ६० गुण मिळाले. चौघांनी एकमेकांच्या कामाला दिलेल्या गुणांची बेरीज केली असता एकीचा वाटा सरासरीपेक्षा एक पंचमांशाने अधिक निघाला, दोघांचा सरासरीइतका आणि चौथ्याचा एक पंचमांशाने कमी. म्हणजे गुणक झाले १.२, १, १ आणि ०.८. अहवालाचे सर्व गुण या गुणकांनी गुणल्यास ७२, ६०, ६० आणि ४८ असे गुण पडतात. गुणक केवळ निम्म्या गुणांना लावल्यास ते ६६, ६०, ६० आणि ५४ होतात. किती हिस्सा गुणकाला जोडावा हे शिक्षकाने ठरवायचे असते. पहिल्यांदाच हा प्रयोग करणाऱ्याने निम्म्यावर थांबणे बरे, कारण आकडे जितके ताणले जातात तितका गटातील संशय वाढतो.

आपल्याकडे या पद्धतीची पहिली परीक्षा मैत्रीची असते. ‘सगळ्यांनी सगळ्यांना पैकीच्या पैकी’ असा करार उपाहारगृहात चहाच्या एका फेरीत होऊन जातो. मते गोपनीय ठेवणे आणि प्रत्येक आकड्यासोबत दोन ओळींचे कारण मागणे, हे त्यावरचे साधे उपाय आहेत. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. वसतिगृहातील तिघे रात्री काम करतात आणि दोन तासांचा लोकल प्रवास करून घरी जाणारी चौथी विद्यार्थिनी त्या वेळी हजर नसते. मराठी, हिंदी किंवा तमिळ माध्यमातून आलेला मुलगा इंग्रजीत चाललेल्या चर्चेत गप्प बसतो आणि त्याच्याकडे टंकलेखन व छपाईचे काम येते. सहकाऱ्यांच्या गुणांत हे ‘कमी सहभाग’ म्हणून उमटते. येथे गुणकाचे आंधळेपणाने पालन केले, तर ज्याला संधीच मिळाली नाही त्याला शिक्षा होते. म्हणून आकडा विसंगत दिसल्यास शिक्षकाने कामाची नोंदवही मागवावी, त्या विद्यार्थ्याशी स्वतंत्र बोलावे आणि अंतिम निर्णय स्वतःच्या हाती ठेवावा.

अपेक्षा आधी, गुण नंतर

तक्रारींचे मूळ पुष्कळदा गुणांच्या आधी, अपेक्षांमध्ये असते. गटकार्यात काय धरले जाणार हे विद्यार्थ्यांना शेवटच्या आठवड्यात कळते. अहवालाला किती गुण, तोंडी परीक्षेला किती, सहकाऱ्यांच्या मताला किती, बैठकांना गैरहजर राहिल्यास काय, एखादा सदस्य मध्येच गट सोडून गेल्यास उरलेल्यांचे काम कमी होणार काय, या प्रश्नांची उत्तरे एका कागदावर पहिल्या आठवड्यात द्यावयास हवीत. गटानेही आपल्यापुरता करार लिहावा: भेटण्याची वेळ कोणती, कोणता भाग कोणाकडे, निरोप पाठवल्यावर किती दिवसांत उत्तर अपेक्षित. त्यावर सर्वांच्या सह्या असल्या की पुढील वाद व्यक्तींवर न घसरता त्या कागदावर राहतो.

सहकाऱ्यांचे मूल्यमापन सत्राच्या मध्यावर एकदा, गुणांशी संबंध न जोडता, करून घेणे विशेष उपयोगी ठरते. आपले काम इतरांना कमी वाटते, हे विद्यार्थ्याला सुधारण्यासाठी दोन महिने हाती असताना समजते. काही जणांना ते त्या क्षणापर्यंत खरोखरच ठाऊक नसते.

तोंडी परीक्षेतही एक छोटा बदल करता येतो. ज्याने आज्ञावली लिहिली त्याला चाचणीविषयी आणि जिने चाचणी घेतली तिला आज्ञावलीविषयी विचारावे. स्वतःचा भाग पाठ करून येणे सोपे असते. शेजाऱ्याचा भाग समजावून सांगण्यासाठी मात्र सत्रभर एकत्र बसलेले असावे लागते.