टाका, दोरी आणि दोन हात

कबड्डीत पाय रोवून वळताना गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो. खेळणाऱ्याला तो आतून कळतो. काही तासांत गुडघा टम्म फुगतो, पण एक्स-रेत हाड शाबूत दिसतं. मग ‘लचक आहे’ म्हणून क्रेप बँडेज, मालिश, हळदीचा लेप. तीन-चार आठवड्यांत सूज उतरते, पोरगा चालू लागतो, आणि एके दिवशी धुऱ्यावरून उतरताना गुडघा सटकतो. हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट फाटलं तर ते एक्स-रेत दिसत नाही, एवढ्या एका गोष्टीपायी किती खेळ संपले असतील!

या दुखापतीवरचा इलाज शंभर वर्षं चुकतमाकत शिकत गेला. 1895 साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या मेयो रॉबसन यांनी एका खाणकामगाराच्या गुडघ्यातली तुटलेली लिगामेंटं शिवली. तो माणूस पुन्हा कामावर गेला. शिंप्याच्या हिशेबानं ते बरोबरच वाटतं: फाटलं, टाका घातला. मात्र गुडघ्यातलं पुढचं क्रुसिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल, सांध्यातल्या वंगणात बुडालेलं असतं. जखम भरून यायला रक्ताची गुठळी धरावी लागते, आणि इथे ती टिकत नाही. 1917 मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी आत ओवून नवी दोरी बसवली. तरीही शिवण्याचा मोह बराच काळ सुटला नाही.

आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय 1944 पासूनचं. डॉ. सुशीला नायर यांनी त्याच्या आधारानं 1969 मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं, तेव्हा जगात बऱ्याच ठिकाणी अजून टाकेच घातले जात होते. पुढे याच महाविद्यालयातल्या डॉ. उल्हास जाजूंच्या प्रयत्नांतून इथल्या गावांनी पीक निघाल्यावर जवारी जमा करून आरोग्यविमा चालवला. खर्चाच्या धास्तीनं दुखणं अंगावर काढणाऱ्या माणसाला दवाखान्याचं दार जवळ आणणारी ती गोष्ट मला कुठल्याही यंत्राइतकीच मोठी वाटते.

1976 साली दोन गोष्टी छापून आल्या. अमेरिकी लष्करी छात्रांच्या शिवलेल्या गुडघ्यांचा पाच वर्षांचा हिशेब फीगिन आणि कर्ल यांनी मांडला. निकाल वाईट होता. टाका टिकत नव्हता. दुसरी गोष्ट फिलाडेल्फियाच्या जोसेफ टॉर्ग यांची. आपले गुरू जॉन लॅकमन यांची तपासणी त्यांनी सर्वांपुढे आणली. गुडघा जेमतेम वीस-तीस अंश वाकवायचा, एका हातानं मांडी धरायची, दुसऱ्यानं नडगी पुढे ओढायची. लिगामेंट शाबूत असेल तर हाताला ठाम अडसर लागतो. फाटलं असेल तर पाय पुढे घसरत येतो. जुन्या पद्धतीत गुडघा काटकोनात वाकवावा लागे, आणि सुजलेला गुडघा तेवढा वाकतच नाही.

त्यानंतर दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली. मांडीच्या मागची कंडरा काढायची, दुहेरी-चौपदरी करायची आणि हाडात भोकं पाडून ओवायची. वर्ध्याजवळच्याच सावंगीचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं 1990 मध्ये. त्याच वर्षी शेल्बोर्न यांनी दाखवून दिलं, की ऑपरेशननंतर पाय प्लास्टरमध्ये जखडण्यापेक्षा लवकर हलवावा आणि गुडघा पूर्ण सरळ करून घ्यावा.

हे सगळं खरं असलं, तरी आपल्याकडे मोडतं ते पुढे. नवी दोरी आत रुजताना आधी कमजोर होते, मग हळूहळू बळ धरते. ती सर्वांत नाजूक असते तेव्हा दुखणं मात्र थांबलेलं असतं. माणसाला वाटतं, झालं बरं. घरी सोयाबीन सोंगायला आलेलं असतं, फिजिओथेरपीला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरलेल्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका फार जास्त, हे 2016 च्या नॉर्वेतल्या अभ्यासात दिसलं. त्या नऊ महिन्यांची मजुरी कोण भरणार, हे ऑपरेशनच्या आधीच घरच्यांशी बोलायला हवं.

दुर्बीण वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी-कारंज्याच्या प्रत्येक गावात पोचणार नाही, पोचायची गरजही नाही. पण लॅकमनच्या तपासणीला एक पलंग आणि शिकलेले दोन हात पुरतात. फुगलेल्या गुडघ्याचा पोरगा पहिल्या दिवशी येतो तो गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच. त्याला ‘लचक आहे’ म्हणून परत पाठवण्याआधी ती नडगी एकदा पुढे ओढून बघायला मिनिटही लागत नाही.