मापाची रायफल

पॅरिस ऑलिम्पिकनंतरचा पोळा. रामाकोन्याला घरी गेलो होतो. बैलांची पूजा झाली, पुरणपोळी झाली, आणि दुपारी भोपाळहून आलेला भाचा मोबाइल घेऊन ओसरीत माझ्याजवळ येऊन बसला. व्हिडिओत एक अमेरिकन गृहस्थ आपल्या गॅरेजात पॉइंट टू-टूची रायफल जोडत होता. नळी एका कंपनीची, दस्ता दुसरीचा, चापाचा संच तिसरीचा. बघता बघता रायफल तयार.

"मामा, असे पार्ट मागवून आपल्याकडं जमन का?"

"जमन की. फक्त पुढचा पोळा जेलात."

तो हसला. मग म्हणाला, "मंग स्वप्नील कुसाळेची रायफल कुठून आली?"

यावर मला पटकन उत्तर देता आलं नाही. मंडळातल्या इतर मुलांनाही हा प्रश्न पडत असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जेलाचं सांगून टाकतो. अमेरिकेत रुगर कंपनीची १०/२२ ही रायफल १९६४ साली आली. ती खोलायला इतकी सोपी की तिच्यासाठी सुटे भाग करणाऱ्या कंपन्यांचा वेगळा बाजारच उभा राहिला. तिथल्या केंद्रीय कायद्यात बंदुकीचा मधला सांगाडा म्हणजे बंदूक. बाकीचे भाग मोटारसायकलच्या स्पेअर पार्टसारखे विकले जातात. आपला १९५९ चा शस्त्र कायदा तसा नाही. त्यात बंदुकीचे भागही बंदुकीतच मोजले जातात, आणि परवान्याशिवाय शस्त्र तयार करणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. तेव्हा व्हिडिओ खुशाल पाहा, पण ऑर्डर करायच्या बटणाला हात लावू नका.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. गंमत अशी की अव्वल नेमबाजाची रायफलसुद्धा बहुतेक वेळा जोडलेलीच असते. नळी आणि यंत्रणा जर्मनीच्या आन्शुट्झ किंवा वाल्थरची, नाहीतर स्वित्झर्लंडच्या ब्लायकरची. दस्ता दुसऱ्या कोणाचा, खांद्याला टेकणारी बटप्लेट तिसऱ्याची, डोळ्यापुढची साइट चौथ्याची. फरक एवढाच की आपल्याकडे हे सगळं परवाना, नोंदणी आणि आयातीची परवानगी या वाटेनं येतं. आणि जोडण्याचा हेतूही वेगळा असतो. गॅरेजवाल्याला रायफल स्वतःच्या आवडीची हवी असते, नेमबाजाला ती स्वतःच्या मापाची हवी असते.

माप म्हणजे काय ते मला एनसीसीत कळलं. तुमच्यापैकी अनेकांच्या आईबाबांनी कॉलेजात असताना पॉइंट टू-टूवर पाच-पाच गोळ्या मारल्या असतील, विचारून बघा. आमच्या तुकडीत माझ्याहून वीतभर उंच असा एक मित्र होता. दोघांना तीच रायफल. त्याला गाल टेकवायला मान वाकडी करावी लागायची, माझं बोट चापापर्यंत कसंबसं पोचायचं. त्याच्या गोळ्या डावीकडे जायच्या, माझ्या कुठेही. उस्ताद म्हणायचे, श्वास रोखा. श्वास रोखून काय होणार? दुसऱ्याचा सदरा घालून कोणी ताठ उभं राहतं का?

स्पर्धेच्या रायफलीत हाच सदरा शिवला जातो. गालाखालची पट्टी वरखाली, आतबाहेर होते, म्हणजे डोळा दर वेळी साइटच्या मागे नेमक्या त्याच जागी येतो. बटप्लेट खांद्याच्या खोबणीप्रमाणे वाकवता येते. चाप बोटाच्या लांबीप्रमाणे मागेपुढे सरकतो. ५० मीटर थ्री पोझिशन या प्रकारात गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून अशा तीन तऱ्हांनी मारायचं असतं, त्यामुळे एकाच माणसाची तीन वेगळी मापं असतात. ती वहीत मिलिमीटरमध्ये लिहून ठेवायची आणि स्थिती बदलली की रायफलही बदलायची. सगळं मिळून वजन मात्र आठ किलोंच्या आत हवं. एवढा खटाटोप कशासाठी? पन्नास मीटरवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढा!

शिवाय काडतुसाची वेगळीच कथा. या काडतुसाच्या बुडाला जी कडा असते तिच्या आत पेटणारा मसाला असतो. पिन त्या कडेवर आपटते, म्हणून हे रिमफायर. मसाल्यात आणि शिशाच्या गोळीत केसभर फरक पडला तरी निशाण्यावर दिसतो. एकाच कंपनीच्या दोन खेपा एकाच नळीतून सारख्या जात नाहीत. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन थेट काडतुसं बनवणाऱ्यांच्या चाचणी केंद्रात जातात, तिथे ती शिकंज्यात पकडून एकेक खेप मारून पाहतात, आणि जी नळीला मानवते तीच विकत घेतात. आमच्याकडे कपाशीचं बियाणंही कोणी इतकं पारखून घेत नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. आपण रामाकोना-सौसर-पांढुर्ण्याची माणसं घरात मराठी बोलतो आणि कागदावर मध्य प्रदेशची. नागपूरकडचे आपल्याला एमपीवाले म्हणतात, भोपाळकडचे मराठी. पण या एका खेळात आपली दोन्ही घरं एकदम पुढं आली. स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, पॅरिस ऑलिम्पिकपर्यंत मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आपल्या खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूर गावचा, भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत घडलेला. दोघांचा प्रकार एकच, ५० मीटर थ्री पोझिशन. २९ सप्टेंबर २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत दोघांनी अखिल शेओरानबरोबर सांघिक सुवर्ण जिंकलं. त्याच दिवशीच्या वैयक्तिक फायनलमध्ये स्वप्नील बराच वेळ आघाडीवर होता; उभ्यानं मारताना एक गोळी ७.६ वर गेली आणि तो चौथा आला. ऐश्वर्यला रौप्य मिळालं.

पुढच्या वर्षी पॅरिसला उलटं झालं. पात्रता फेरीत स्वप्नील ५९० गुणांनी सातवा, ऐश्वर्य ५८९ वर अकरावा, आणि फायनलला जाणार फक्त आठ. १ ऑगस्ट २०२४. गुडघ्यावरच्या गोळ्या संपल्या तेव्हा स्वप्नील सहावा होता, पालथ्यानंतर पाचवा. मग आली ती उभी स्थिती, जिथे हांगझोला घात झाला होता. या वेळी तो एकेकाला मागे टाकत ४५१.४ गुणांवर थांबला, आणि कांस्यपदक गळ्यात पडलं. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, बहात्तर वर्षांनी. मला मात्र त्या एका गुणाचीही हुरहुर आहे. माझी रेशनकार्डाची बाजू त्या दिवशी बाहेर बसली होती.

मुलींनी हे मुलांचं काम समजू नये. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. आणि १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन उभी करण्यात पुढाकार होता तो लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांचा, त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नव्या नेमबाजांचा उंबरठा आहे.

सुरुवात मात्र पॉइंट टू-टूपासून होत नाही. आधी छऱ्याची एअर रायफल. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस जूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तरी ती क्लबात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच हाताळायची. गच्चीवरून पारव्यांवर नाही.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मामा, नेम तर आपल्या रक्तातच आहे. उद्या पांढुर्ण्याची गोटमार नाही का?" जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, दर वर्षी शेकडो डोकी फुटतात, याला नेम म्हणायचं असेल तर म्हणो बापडा. मी त्याला कोपऱ्यातली सब्बल आणून दिली. म्हटलं, ही खांद्याशी धर आणि टोक त्या समोरच्या खिळ्यावर ठेव. मिनिटभर.

वीस सेकंदांत टोक खिळ्याच्या चारही बाजूंनी फिरायला लागलं.

"मामा, हे तर हालूनच राह्यलं!"

"स्वप्नीलचंही हालत असन पहिल्या दिवशी."

त्यानं सब्बल खाली ठेवली, हात झटकले आणि पुन्हा उचलली. त्याच्या आईला मी भोपाळच्या अकादमीत निवड चाचणीची चौकशी करायला सांगितलं आहे.