थेंबाचा जमाखर्च

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो पाण्यावरच्या हक्काचा लढा होता. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला चालना दिली. हक्क मिळवायचा आणि नियोजनाने टिकवायचा, ही त्यांची शिकवण आपल्या शेतकरी बांधवांनी शेतातही उतरवली पाहिजे.

माझ्या मावसभावाने मराठवाड्यात दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस उभारून ढोबळी मिरची लावली. डोक्यावर कर्ज, पाण्याला एकच बोअर. मी विचारले, "पाणी किती देतोस?" तो म्हणाला, "दादा, माती ओली दिसेस्तोवर. दोन तास तरी." एप्रिलमध्ये बोअर आटली, आणि त्याआधीच निम्म्या ओळी मूळकुजीने गेल्या होत्या. भावजय म्हणाली, "दादा, रोपं तहानेनं नाही, पाण्यानं मेली."

मी कारकून माणूस. शेती मला येत नाही, हिशेब येतो. कृषी सहायकांकडून रीत समजून घेतली, ती अशी.

सुमारे चार फूट रुंद, दहा इंच खोल असे बाष्पीभवन पात्र पॉलिहाऊसच्या आतच ठेवावे. बाहेरचा आकडा आत लावू नये. आत ऊन गाळून येते, वारा कमी असतो, म्हणून बाष्पीभवनही कमी होते. रोज एकाच वेळी पाणी किती मिलिमीटर उतरले ते पाहावे.

समजा ५ मिलिमीटर उतरले. बंदिस्त घरात त्याला साधारण ०.८ ने गुणतात; आले ४. आता पिकाचे वय पाहावे. ढोबळी मिरचीसाठी लहान रोपांना ०.६ आणि भर बहरात १.०५ हा गुणांक धरतात. म्हणजे गरज अनुक्रमे २.४ आणि ४.२ मिलिमीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. दहा गुंठे म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर. तेव्हा रोपांना २,४०० लिटर, बहरात ४,२०० लिटर. ठिबकमधली दहा टक्के तूट धरली, तर बहरातही सुमारे ४,७०० लिटर पुरते.

भावाकडे ताशी दोन लिटरचे २,५०० ड्रिपर आहेत, म्हणजे तासाला ५,००० लिटर. एक तासही लागत नाही! दुसरा तास आमच्या कर्जाचा होता.

हा अंदाज आहे, कायदा नव्हे. मुळाजवळची माती मुठीत दाबून रोज खात्री करावी. छपरामुळे पाऊस आत येत नाही. बोअरचे पाणी खारे असेल तर क्षार साचतात. म्हणून मातीची तपासणी करून अधूनमधून जादा पाणी सोडावे.

छपराचे पाणीही जमेस धरा. ५०० मिलिमीटर पावसात त्या छपरावर पाच लाख लिटर पडते. त्यातले चार लाख शेततळ्यात साठले आणि तळे झाकून ठेवले, तर बहरातली सुमारे ८५ दिवसांची सोय होते.

आता पात्राचा आकडा भावाची आठवीतली मुलगी वहीत लिहिते. तिच्या आजीला गावच्या विहिरीवर ओंजळ पसरून उभे राहावे लागे. नात पाण्याचा हिशेब ठेवते. शिका म्हणजे काय, ते त्या वहीत दिसते.

जयभीम!