मांजर दूध-पोळीवर जगत नाही

वाशीम शहरात किंवा रिसोड-मालेगावकडच्या कोणत्याही खेड्यात ‘मांजराला काय घालता?’ असं विचारलं, तर बहुतेक घरांतून एकच उत्तर येतं: दूध-पोळी. वर दाखलाही मिळतो. आजीच्या घरचं मांजर जन्मभर दूध-भाकरीवर धडधाकट राहिलं, मग आताच्या मांजराला वेगळं काही कशाला?

हा दाखला अर्धाच खरा आहे. आजीच्या घरात कणगी होती, माळ्यावर तुरीची पोती होती, मागच्या अंगणात कडब्याची गंजी होती आणि या सगळ्या ठिकाणी उंदीर होते. बशीतलं दूध घरच्यांना दिसायचं, रात्रीची शिकार कोणी पाहत नसे. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात आणि एका उंदरातून जेमतेम ३० मिळतात. म्हणजे निव्वळ शिकारीवर जगणारं मांजर दिवसाला सात-आठ उंदीर खातं. पोट त्यावर भरत होतं, दूध-भाकर वरकड होती. आता सोयाबीन-तूर शेतातून थेट बाजार समितीत जाते, घर स्लॅबचं झालं, मांजर दाराआड राहू लागलं. उंदीर गेले आणि बशी तेवढी उरली. मांजराच्या खाण्याबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका बदलाकडे लक्ष न गेल्यामुळे टिकून आहेत.

आधी दुधाचं पाहू. आईचं दूध सुटलं की मांजराच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं विकर कमी होत जातं. त्यामुळे कितीतरी मांजरांना गाई-म्हशीच्या दुधानं पातळ शी होते. काहींना दूध पचतं, त्यांना चमचाभर मिळालं तर बिघडत नाही. पण ते जेवण नव्हे. आई गमावलेल्या पिलांना तर गाईचं दूध अगदीच अपुरं पडतं. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधापेक्षा दुपटीहून अधिक असतात. अशा पिलांसाठी तयार दूधपावडर मिळते, तीच द्यावी.

दूध-पोळीतली खरी उणीव मात्र वेगळीच आहे. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं, कारण त्याचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही. हे द्रव्य मांस-मासळीत असतं, धान्य-डाळींत जवळजवळ नसतंच. १९७५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की दुधातल्या केसिन या प्रथिनावर ठेवलेल्या मांजरांत टॉरिन कमी पडून डोळ्यांचा पडदा झिजतो. तेव्हा दुधातही प्रथिनं असतातच की, हा युक्तिवाद इथेच संपतो. पुढे १९८७ साली पॉल पायन यांनी मांजरांच्या हृदयविकाराचा एक प्रकार याच कमतरतेशी जोडला. हृदयाचे स्नायू सैल पडून ती मांजरं दगावत होती आणि त्यांतली कित्येक विकतच्या खाद्यावर वाढलेली होती. कंपन्यांनी खाद्यात टॉरिन वाढवलं आणि तो आजार विरळ झाला. वेळीच टॉरिन मिळालं तर हृदय सावरू शकतं, गेलेली नजर मात्र परत येत नाही.

आपला जिल्हा सोयाबीनचा. त्यामुळे सोयावडीत मटणापेक्षा जास्त प्रोटीन असतं, तीच घालू, असं वाटणं स्वाभाविक आहे. प्रोटीनचा आकडा बरोबर आहे, पण सोयाबीनमध्ये टॉरिन नाही. गाजर-भोपळ्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यापासून आपलं शरीर अ-जीवनसत्त्व बनवतं. मांजराला तेही जमत नाही, त्याला ते तयारच हवं असतं.

कारंजा लाड आणि शिरपूर ही जैनांची मोठी क्षेत्रं आपल्याच जिल्ह्यात आहेत. माळकरी घरंही गावोगाव आहेत. ज्या घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यांनी काय करावं? ही अडचण खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. अशा घरांसाठी बंद पाकिटातलं मांजराचं कोरडं खाद्य हा त्यातल्या त्यात सोयीचा मार्ग आहे: शिजवणं नाही, स्वयंपाकघरात नेणं नाही, वेगळ्या बशीत ओसरीवर द्यायचं. पण त्यातही मांस असतंच, हे माहीत असू द्यावं. कृत्रिम टॉरिन घातलेलं शाकाहारी खाद्य परदेशात निघालं आहे. घरच्या वरण-पोळीला ती सर येत नाही. आणि पाकीटही नको असेल, तर मांजर पाळूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपलं व्रत आपण निवडलेलं असतं, त्या जिवानं नाही.

उलट टोकाचा गैरसमज मांसाहारी घरांत आढळतो: रोज चिकनचे तुकडे टाकले की झालं. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. मांजर उंदीर खातं तेव्हा हाडांसकट खातं, म्हणून त्याचा हिशेब जुळतो. निव्वळ बोनलेसवर वाढलेल्या पिलांची हाडं ठिसूळ होऊन वाकतात. शिजलेली हाडं घालणं हा त्यावरचा उपाय नव्हे, त्यांच्या चिरफळ्या होऊन घशात-आतड्यात रुततात. रोज कलेजी दिली तर अ-जीवनसत्त्व साचून मानेचे मणके जुळून येतात. आठवड्यातून एखादा लहान तुकडा पुरे. घरचंच द्यायचं असेल तर छातीच्या मांसापेक्षा लेग पीस आणि कोंबडीचं हृदय यांत टॉरिन जास्त असतं. ते पाण्यात उतरतं, म्हणून मांस उकडलेलं पाणीही मांजरालाच द्यावं. कॅल्शियम किती आणि कशातून घालायचं, हे मात्र डॉक्टरांनाच विचारावं.

वऱ्हाडी रश्श्यात कुस्करलेली पोळी मांजर आवडीनं खातं, म्हणून ती चांगली ठरत नाही. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, मग ते कच्चे असोत, शिजलेले असोत वा मसाल्यातले. आठवडी बाजारातल्या सुकटीत मीठ फार असतं. कुत्र्याचं खाद्यही चालत नाही. मांजराला प्रथिनं बरीच जास्त लागतात आणि त्या खाद्यात टॉरिनची हमी नसते.

पाण्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. त्याला तहान मुळात कमी लागते. उंदराच्या शरीरात दोन-तृतीयांशाहून अधिक पाणी असतं, कोरड्या खाद्यात दहा टक्क्यांच्या आसपास. वाशीमच्या मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असताना केवळ कोरड्या दाण्यांवर असलेलं मांजर गरजेपेक्षा कमी पाणी पितं. दिवसातून एकदा तरी ओलं खाणं द्यावं आणि घरात दोन-तीन ठिकाणी सावलीत पसरट भांडी भरून ठेवावीत. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो खड्यांनी तुंबू शकतो.

‘भूक लागली की झक मारत खाईल’ हा शेवटचा आणि धोक्याचा समज. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर शरीरातली चरबी यकृतात साचून जीव जाऊ शकतो. म्हणून दूध-पोळीवरून नव्या खाण्यावर आणताना आठ-दहा दिवसांत हळूहळू प्रमाण बदलावं. शेतातल्या उंदरांवर सोडून देणं हाही आता मार्ग राहिलेला नाही. विष खाल्लेला उंदीर मांजरालाही मारू शकतो.

गुरांचा दवाखाना फक्त गुरांचा नसतो, तिथे मांजरही दाखवता येतं. अवघड दुखणं असेल तर अकोल्याची पशुवैद्यक संस्था आहे. बोका वारंवार कण्हत बसतो आहे आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी घेऊन जा.