वीट लावण्यापूर्वी भिंत पडद्यावर उभी करा

गवंडी, सुतार, सेंट्रिंगवाले, ग्रिल-गेट बनविणारे फॅब्रिकेटर आणि हार्डवेअरचे दुकानदार या सर्व धंद्यांत आपले असंख्य बांधव आहेत. हाताला कसब आहे, परंतु घराचा नकाशा अजूनही वहीच्या पानावर किंवा खडूने जमिनीवर काढला जातो. राजापेठेसारख्या जुन्या वस्तीत जागा मोजकीच असते. भिंत चौकटीच्या उंचीला आली की मालक विचारतो, "मिस्त्री, खोली एवढी लहान कशी?" मग भिंत पाडावी लागते आणि पाडण्याची मजुरी कोणी सोसायची यावर वर्षानुवर्षांचे संबंध बिघडतात. हा वाद वीट लावण्यापूर्वी मिटविण्याचे साधन म्हणजे घराचा आराखडा काढणारे संगणकीय प्रोग्राम. ते कसे वापरावेत, हे आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

कोणता प्रोग्राम घ्यावा?

१९८२ साली अमेरिकेत निघालेले ऑटोकॅड हे अभियंत्यांचे हत्यार आहे. ते महाग असून शिकण्यास वेळ लागतो. कारागिराने सुरुवात 'स्वीट होम थ्रीडी'पासून करावी. २००६ साली आलेला हा प्रोग्राम मोफत मिळतो, साध्या संगणकावर चालतो आणि एकदा भरून घेतला की इंटरनेटची गरज नाही. वरच्या भागात नकाशा काढत गेले की खाली तेच घर उभे दिसते. 'स्केचअप' हा दुसरा चांगला प्रोग्राम आहे. मात्र त्याची मोफत आवृत्ती केवळ खाजगी वापरासाठी आहे. धंद्यासाठी पैसे भरावे लागतात. चोरीच्या कॉप्या वापरू नयेत. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्यातून व्हायरस शिरून सगळी कामे नष्ट होण्याची भीती असते.

आधी टेप, मग संगणक

पडद्यावरचे चित्र कितीही सुंदर असले तरी मोजमाप चुकले तर ते खोटे. प्लॉटच्या चारही बाजू मोजाव्यात आणि दोन्ही कर्णही मोजावेत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असूनही कर्णांत फरक आला, तर प्लॉट गुणियात नाही असे समजावे. जुना नकाशा असल्यास त्याचा फोटो प्रोग्राममध्ये मागे ठेवता येतो. त्यावरील एक माहीत असलेले अंतर सांगितले की बाकीचे माप त्या प्रमाणात बसते.

भिंतीची जाडी विसरू नका

सर्वांत जास्त फसगत येथेच होते. समजा, खोली भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत १० फूट धरली आणि भिंती ९ इंची आहेत. दोन्हीकडची अर्धी जाडी मिळून ९ इंच गेले, आतील गिलाव्याचे अर्धा-अर्धा इंच धरून आणखी १ इंच गेला. हातात राहिले ९ फूट २ इंच. म्हणून प्रोग्रामने स्वतःहून धरलेली जाडी बदलून, बाहेरची भिंत ९ इंची व आतील साडेचार इंची अशी आपल्या कामाप्रमाणे भरावी. सुतार व फॅब्रिकेटर यांनी दरवाजाचा पल्ला कोणत्या बाजूला उघडतो, तो पलंगाला किंवा कपाटाला अडतो काय, हेही तेथेच पाहून घ्यावे.

जिन्याचा हिशेब

लहान घरात जिना सर्वांत जास्त जागा खातो. जमिनीपासून वरच्या मजल्याच्या जमिनीपर्यंत १० फूट, म्हणजे १२० इंच धरा. १८ चढ केले तर प्रत्येक चढ सुमारे पावणेसात इंचांचा येतो. पायरी १० इंच रुंद ठेवल्यास सरळ जिन्याला १७ पायऱ्यांची १४ फूट २ इंच लांबी लागते. मध्ये वळण घेऊन दोन भाग केले, तर प्रत्येक भागात ८ पायऱ्या, म्हणजे ६ फूट ८ इंच, आणि वळणाची ३ फूट जागा मिळून ९ फूट ८ इंचांत काम होते. परंतु रुंदी मात्र ६ फुटांहून थोडी अधिक लागते. दोन्ही प्रकार पडद्यावर काढून मालकाला दाखवावेत.

दिशा आणि ऊन

प्रोग्राममधील होकायंत्रावर उत्तर दिशा आणि गावाचे ठिकाण बरोबर भरावे. वऱ्हाडचा उन्हाळा आपणा सर्वांना ठाऊक आहे. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतर किती ऊन येते ते सावलीवरून कळते. आपल्याकडून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून आहे. शौचालयाची बैठक त्या दिशेला तोंड वा पाठ करून येऊ नये, अशी अनेक घरांची अपेक्षा असते. सीट बसविल्यानंतर ती फिरविणे खर्चाचे काम आहे.

संगणक काय सांगत नाही

वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. हे प्रोग्राममध्ये दिसत नाही. पाया किती खोल घ्यावा, कॉलम-बीममध्ये सळई किती टाकावी, हे अभियंत्यालाच विचारावे. तसेच हा आराखडा म्हणजे बांधकामाची मंजुरी नव्हे. डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली असून अमरावती आणि अकोला महापालिकांनाही ती लागू आहे. लहान प्लॉटसाठी तिने प्रक्रिया सोपी केली आहे, तरी नकाशा नियमात बसवून परवानाधारक तज्ज्ञाच्या सहीनेच सादर करावा लागतो. तेथे माप मीटरमध्ये चालते: २० बाय ४० फुटांचा, म्हणजे ८०० चौरस फुटांचा प्लॉट ७४.३२ चौरस मीटर होतो. आपला आराखडा आधी तयार असला तर अभियंत्याचा वेळ वाचतो आणि मालकाला नेमके काय हवे ते त्यालाही कळते.

कमाईचा मार्ग

प्रथम स्वतःच्या घराचा नकाशा काढावा. चूक कोठे होते ते टेप लावून लगेच तपासता येते. नंतर गिऱ्हाइकाच्या कामाचा आराखडा काढून त्याची छापील प्रत तारखेसह घ्यावी व त्यावर मालकाची सही घ्यावी. पुढे बदल हवा असल्यास त्याची मजुरी वेगळी, हे त्याच कागदावर लिहावे. या मेहनतीचे पैसे मागण्यात संकोच बाळगू नये. हार्डवेअरच्या दुकानदारांनी अशी सोय दुकानात ठेवली, तर दरवाजे, खिडक्या व फरशीचा माल मोजून देता येईल आणि परत येणारा मालही कमी होईल.