बत्ताशाच्या आजारपणाचा पाचवा दिवस

पहाटे 5.30. डब्यावरचा ओला पंचा बाजूला केला आणि आधी कल्ले पाहिले. बत्ताशा हा आमचा पांढरा अ‍ॅक्सोलॉटल, म्हणजे पाण्यात राहणारा सॅलमँडर. डोक्यामागे दोन्ही बाजूंना तीन-तीन झुबकेदार कल्ले, एरवी लालभडक. डावीकडच्या मधल्या झुबक्यावर कापसासारखी बुरशी अजून आहे, पण कालच्या निम्मीच. पाणी 19 अंश. गेल्या आठवड्यात दोन दिवस वीज येत-जात राहिली, टाकीचं पाणी 28 वर गेलं आणि दुखणं सुरू झालं, म्हणून तो सध्या टाकीऐवजी या डब्यात.

6.00. सगळं पाणी बदललं. छोट्या डब्यात फिल्टर नसतो. त्याच्याच अंगातून निघालेला अमोनिया साठून कल्ले पोळतात, म्हणून हे रोज करावंच लागतं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन रात्रीच औषध टाकून घालवला होता. जाळीत झुबके अडकतात, म्हणून त्याला वाडग्यातूनच हलवते.

6.20. मिठाचं पाणी. लिटरभर गार पाण्यात दोन चमचे जाडं मीठ, आयोडीन नसलेलं. दहा मिनिटं, एकही जास्त नाही. मीठ बुरशी मारतं, तसं त्याच्या कातडीलाही झोंबतं. या दहा मिनिटांत मी फोन घेत नाही. सातव्या मिनिटाला त्याने शेपटीचं टोक वळवलं. हे त्रासाचं लक्षण. वाडग्याकडे हात गेलाच होता, तेवढ्यात शेपटी सरळ झाली.

9.00 ते 1.00. घरूनच ऑफिसचं काम. दर दोन तासांनी डब्याला टेकवलेली बर्फाची बाटली बदलली. आईने रस्त्याकडेच्या देशी बदामाची वाळकी पानं वेचून आणली. ती उकळून गार केलेलं तपकिरी पाणी थोडं डब्यात घातलं. त्यातलं टॅनिन बुरशीला आवरतं.

4.00. सर्वांत कठीण वेळ. खोलीत 36 अंश, डब्यात 18. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्कोचे कालवे आहेत, सव्वादोन हजार मीटर उंचीवर. तिथल्या गार पाण्याचा हा जीव. तिथेही आता तो नामशेष व्हायच्या बेतात आहे. प्रयोगशाळांत आणि घरांत आहेत त्यांतले पुष्कळ 1864 मध्ये पॅरिसला नेलेल्या मोजक्या प्राण्यांचे वंशज. तुटलेला पाय पुन्हा उगवणाऱ्या या प्राण्याला पुण्याचा उन्हाळा मात्र सोसत नाही.

6.30. पुन्हा मिठाचं पाणी. आई वाकून म्हणाली, "अगं, आज लाल दिसतोय की."

8.15. चिमट्यात गांडूळ धरलं. चार दिवस त्याने तोंड फिरवलं होतं. आज मान वळली, आणि गप्पकन ओढून घेतलं. मी खुर्चीत बसले आणि रडले.

10.00. पाणी 17 अंश. शेवटची बाटली लावली.

हा प्राणी आणायचा विचार असेल, तर मे महिन्यात बादलीभर पाणी दिवसभर खोलीत ठेवा. चार वाजता त्यात थर्मामीटर बुडवा. आकडा 20च्या वर गेला आणि पाणी गार करायची सोय नसेल, तर कृपा करून आणू नका.