चाकावर चढणारे पट्टे

रणगाडा चिखलातून जातो आणि मालमोटार रुतते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु मालमोटारीलाच गरजेपुरते रणगाड्याचे पाय बसवावेत आणि पक्की सडक लागताच ते काढून ठेवावेत, अशीही एक युक्ती लष्करात होऊन गेली. तिचा विचार येथे आम्ही करणार आहोत.

प्रथम वाहन रुतते का, ते पाहू. समजा, सहा चाकी मोटारीच्या मागील चार चाकांवर चार टन भार आहे आणि प्रत्येक चाक 400 चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो दाब झाला. आता प्रत्येक बाजूच्या दोन चाकांभोवती 25 सेंटिमीटर रुंदीचा लोखंडी पट्टा गुंडाळला आणि त्याची 150 सेंटिमीटर लांबी जमिनीला टेकली, तर हाच दाब अर्ध्या किलोच्या आसपास येतो. काळ्या रानात गाडी रुतली की आपला शेतकरी चाकाखाली फळी सारतो, त्यातले तत्त्व हेच. फरक इतकाच, की येथे फळी चाकाबरोबर फिरत राहते.

मात्र हा हिशेब कागदावरचा झाला. रणगाड्याच्या पट्ट्यावर आतून अनेक लहान चाके भार टाकतात; येथे दोनच चाके असतात. त्यामुळे मधल्या भागावर भार कमी आणि चाकांखाली जास्त पडतो. तरीही पट्ट्याच्या आडव्या कड्या जमिनीत रोवल्या जातात आणि चाक जागच्या जागी फिरत राहण्याचा धोका बराच कमी होतो.

ही युक्ती कोणत्याही मोटारीला चालत नाही. मागील दोन आस जवळजवळ असावे लागतात आणि खाचखळग्यांत वरखाली होताना त्यांच्यातील अंतर फारसे बदलता कामा नये. नाही तर पट्टा कधी ताणतो, कधी ढिला पडून उतरतो. ब्रिटिश सैन्याने 1920 नंतरच्या काळात अशी सहा चाकी वाहने वापरात आणली आणि त्यांच्या मागील चाकांवर चढवण्याजोगे पट्टे केले. सोव्हिएत सैन्याच्या बीए-6 व बीए-10 या चिलखती मोटारींबरोबरही असे पट्टे असत. एरवी ते गाडीवरच लादलेले असत.

आदॉल्फ केग्रेस याचा मार्ग निराळा. रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या मोटारखान्यात असताना त्याने मागील चाकांच्या जागी रबरी पट्ट्याची कायमची योजना केली. पुढे सित्रोएनच्या तशाच गाड्यांनी 1922-23 च्या हिवाळ्यात सहारा ओलांडला. पण ते पट्टे चाकांऐवजी होते. आपले पट्टे चाकांवरचे आहेत.

पट्टा चढवायचा कसा? तो जमिनीवर पसरून त्यावर चाके आणायची, मोकळे टोक चाकांवरून ओढून घ्यायचे, खिळीने सांधायचे आणि ताण द्यायचा. हे काम कोरड्या जमिनीवर सोपे, पण गाडी आसापर्यंत रुतल्यावर जवळजवळ अशक्य. म्हणून पुढे चिखल आहे हे चालकाने आधी ओळखणे, यावरच सारे यश अवलंबून. त्यातच टायर व पट्टा यांच्यात चिखल शिरला की घर्षण कमी होते, चाक फिरते आणि पट्टा मागे राहतो. पुढची चाके उघडीच असल्याने वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते. सडकेवर पट्टे ठेवले तर सडक, टायर आणि इंधन तिन्हींचे नुकसान. पुढे सर्वच चाकांना शक्ती मिळू लागली, टायर रुंद झाले आणि या पट्ट्यांची लष्करी गरज ओसरली.

आज जुन्या लष्करी मोटारी जतन करणारे हौशी लोक असे पट्टे पुन्हा बसवतात. त्यांना आम्ही एकच गोष्ट सुचवू. पूर्वी चाक घसरून गिअर व आस यांवरचा ताण आपोआप कमी होई. पट्ट्याने पकड वाढली की तो सारा ताण त्या जुन्या पोलादावर येतो. तेव्हा गंजलेल्या खिळ्या आधी बदलाव्यात आणि अडकलेली गाडी इंजिनाच्या जोरावर काढण्याचा हट्ट धरू नये.

युक्ती मात्र संपलेली नाही. उत्तर युरोपच्या जंगलांत ओंडके वाहणाऱ्या यंत्रांच्या जोडचाकांवर असेच पट्टे आजही चढवतात. सैन्याने ठेवून दिलेले साधन लाकूडतोड्याच्या कामी आले, याचे आम्हांस समाधान वाटते.